ताटावरचा हट्ट

दीड-दोन वर्षांचें मूल कालपर्यंत वरणभात आवडीनें खात असतें, आणि आज तोच घास तोंडाशीं नेतांच मान फिरवितें. भाजीचें पान दिसलें कीं भात दूर सारतें, माशाला शिवत नाहीं, आणि नुसता पोळीचा पापुद्रा चघळीत बसतें. अशा वेळीं घरांत उडणारी धांदल बहुतेक कुटुंबांच्या परिचयाची आहे. आजी दृष्ट काढते, आई चिऊकाऊचे घास करते, वडील मोबाइल पुढें धरतात, आणि शेवटीं कोणीतरी आवाज चढवितें. मूल उपाशी राहिलें या दुःखापेक्षांही, 'आईला मुलाला जेवूं घालतां येत नाहीं' हा न बोललेला आरोप त्या घरांत अधिक टोंचत असतो. म्हणूनच या प्रश्नाचा विचार शांतपणें होणें अगत्याचें आहे.

हा पालट बहुधा वाढीच्या ओघांतच येत असतो. जन्मतः तीन किलो वजनाचें मूल वर्षाअखेर सुमारें नऊ किलोंचें होतें, म्हणजे त्याचें वजन तिप्पट होतें. दुसऱ्या वर्षांत मात्र त्यांत दोन-अडीच किलोंचीच भर पडते. वाढीचा वेग मंदावला कीं भूकही मंदावते. परंतु आईच्या डोळ्यांपुढें मागल्या वर्षाची भरलेली वाटी असते. त्याच सुमारास मूल चालूं लागतें आणि हातीं येईल तें तोंडांत घालूं शकतें. या वयांत अनोळखी पदार्थाची शंका येणें ही निसर्गानें दिलेली सावधगिरी असावी, असें तज्ज्ञ मानतात. ही शंका दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान विशेष तीव्र असते. शिवाय 'नको' या शब्दाचें सामर्थ्य मुलाला नुकतेंच कळलेलें असतें, आणि तें अजमावून पाहण्यास ताटासारखी सोयीची जागा दुसरी नाहीं.

पनवेलकडील घरांचेंच उदाहरण घ्यावें. भातकापणी झाल्यावर शेतांत उरलेल्या ओलीवर या भागांत वाल पेरतात, आणि कडव्या वालांचें बिरडें हा रायगड जिल्ह्यांतील घरोघरचा मानाचा पदार्थ आहे. त्याच्या किंचित् कडसर चवीनें मोठी माणसें प्रसन्न होतात. बालक मात्र गोडाची ओढ आणि कडवटाचा तिटकारा जन्मतःच घेऊन आलेलें असतें. त्यानें तो घास थुंकून टाकला कीं आजोबांना तो घराण्याचाच अपमान वाटतो. वास्तविक तेथें अपमान कोणाचाच झालेला नसतो. जिभेची आणि त्या चवीची ओळख तेवढी व्हावयाची असते. एखादा नवा पदार्थ रुचूं लागण्यापूर्वीं मुलाला तो आठदहा, क्वचित् पंधरा वेळां चाखावा लागतो, असें संशोधनांत आढळून आलें आहे. आपल्या घरांतून मात्र दोनतीन नकारांनंतरच 'याला हें आवडत नाहीं' असा निकाल लागतो आणि तो पदार्थ मुलाच्या ताटांतून कायमचा हद्दपार होतो.

याहून सोपा मार्ग आहे. वाल भिजवून, फडक्यांत बांधून मोड आणल्यावर ते कोमट पाण्यांत घालून सोलावे लागतात. त्या वेळीं मुलाला शेजारीं बसवावें आणि चार डाळिंब्या त्याच्या हातून सोलवून घ्याव्या. ज्या वस्तूला हात लागला तिचें भय निम्में सरतें. मग जेवतांना त्याच्या भाताशेजारीं शिजलेली एकच डाळिंबी चुरडून ठेवावी. खाल्ली तर कौतुकाचा गजर नको, न खाल्ली तर उपदेशही नको. चार दिवसांनीं ती पुन्हां ताटांत दिसावी, एवढेंच पुरे.

मुलाच्या भुकेवर असा विश्वास टाकणें धाडसाचें वाटेल. परंतु त्याला एका प्रसिद्ध प्रयोगाचा आधार आहे. शिकागो येथील डॉक्टर क्लारा डेव्हिस यांनीं, नुकत्याच अंगावरून सुटूं लागलेल्या बालकांपुढें धान्य, भाज्या, फळें, मांस, अंडीं, दूध असे साधे पदार्थ वेगवेगळ्या भांड्यांत ठेवले. परिचारिकेनें मुखांतून शब्द काढावयाचा नाहीं. मूल ज्याकडे हात करील तेवढेंच भरवावयाचें, असा नियम होता. या प्रयोगाची पहिली हकीगत १९२८ सालीं, आणि पंधरा मुलांची एकत्रित माहिती १९३९ सालीं प्रसिद्ध झाली. मुलांचीं जेवणें विचित्र दिसत, एकाचें दुसऱ्याशीं जुळत नसे. तरी सर्व मुलें चांगलीं वाढलीं. मुडदूस झालेल्या एका मुलानें तर माशाच्या यकृताचें तेल आपण होऊन घेतलें, आणि हाडें बरीं होतांच सोडून दिलें. मात्र त्या पदार्थांत साखर नव्हती, मिठाई नव्हती, हें विसरतां कामा नये. निवड मुलाची होती. निवडीसाठीं काय मांडावें हें मोठ्यांनीं ठरविलें होतें.

याच विचाराला एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनीं १९८० च्या दशकांत नियमाचें रूप दिलें. काय, केव्हां आणि कोठें वाढावयाचें तें आईबापांनीं ठरवावें; खावयाचें कीं नाहीं आणि किती, तें मुलानें ठरवावें. आपल्या घरांतून बहुधा याच्या उलट घडतें. काय खावयाचें तें मूल रडून ठरवितें, आणि किती खावयाचें तें आई ठरविते.

आमिषाचीही गोष्ट अशीच आहे. 'भाजी खा, म्हणजे चॉकलेट देईन' या वाक्यांतून मुलाला एवढाच बोध होतो कीं, भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हें सुख. लिअन बर्च आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बक्षीस देऊन पाजलेल्या पेयाची मुलांची आवड पुढें कमी झालेली आढळली. उलट सोबतीचा परिणाम हितकर होतो. न आवडणारी भाजी दुसरीं मुलें आनंदानें खात आहेत असें पाहून लहान मुलें तीच उचलूं लागतात, हें बर्च यांनींच १९८० सालीं दाखविलें. अंगणवाडीच्या पंगतींत मूल मुकाट्यानें खिचडी खातें आणि घरीं तिला नाक मुरडतें, याचें रहस्य येथेंच आहे.

सोबतीप्रमाणेंच वेळेलाही महत्त्व आहे. १९९८ सालीं हार्बर मार्गाची लोकल पनवेलला पोंचली आणि मुंबईस जाऊन नोकरी करणाऱ्या आईबापांची संख्या वाढली. तासाहून अधिक प्रवास करून तीं घरीं येतात तों रात्र झालेली असते. सर्वांनीं एकत्र जेवावें या सद्हेतूनें पान नऊला वाढलें जातें. मुलाला भूक मात्र सातलाच लागलेली असते. मधल्या वेळांत दूध आणि बिस्किटें पोटांत जातात, आणि नऊ वाजतां जो हट्ट दिसतो तो पुष्कळदां भरलेल्या पोटाचा व पेंगुळलेल्या डोळ्यांचा असतो. अशा घरीं मुलाचें खरें जेवण सातलाच उरकावें, आजीनें किंवा सांभाळणाऱ्या बाईनें आपलेंही ताट त्याच्यासोबत घ्यावें, आणि आईबापांबरोबरची पंगत सकाळच्या न्याहारीला किंवा रविवारीं मांडावी. दिवसभरांतील दूध अर्ध्या लिटरच्या आंत ठेवावें. अधिक दुधानें भूक मरते, आणि शरीराला लोह कमी पडून मूल फिकें होतें. जेवतांना मोबाइल बंद असावा. चित्र पाहत गिळणाऱ्या मुलाला आपलें पोट भरल्याचें कळत नाहीं.

तथापि प्रत्येक नकार निरुपद्रवी मानूं नये. वजन वाढेनासें झालें वा घटूं लागलें, चावतांना किंवा गिळतांना त्रास दिसला, वारंवार ओकारी वा ठसका येऊं लागला, चेहरा पांढुरका झाला, किंवा खाण्याचे पदार्थ कमी होत होत चारपांचांवर आले, तर विलंब न लावतां डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एरव्हीं एका जेवणाचा हिशेब न मांडतां आठवड्याचा मांडावा. एके दिवशीं दोन घास खाणारें मूल दुसऱ्या दिवशीं आपणहून वाटी पुढें करतें.

आईबापांच्या धीराची खरी परीक्षा त्या पहिल्या दिवशींच होते. पंचवीस मिनिटांनीं न खाल्लेलें ताट हंसतमुखानें उचलावें, न रागावतां मुलाचे हात धुवावे, आणि पुढल्या जेवणाच्या वेळेपर्यंत डबा उघडूं नये. सासूनें सुनेला आणि पतीनें पत्नीला त्या घटकेपुरता एकही टोमणा मारूं नये. ताटावरचें युद्ध थांबलें म्हणजे भुकेला आपला आवाज ऐकविण्याची संधि मिळते. आणि मुलाच्या कानीं तो आवाज पोंचला, कीं घास भरविण्यासाठीं कोणालाही त्याच्या मागें धांवावें लागत नाहीं.