रशियाची 'आई' आणि आपल्या घरची माय
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाचा विषय सोडून आज आपण एका रशियन कादंबरीवर बोलणार आहोत. मॅक्सिम गॉर्कीची 'आई' १९०६-०७ साली प्रसिद्ध झाली. त्यातली निलोव्हना ही कारखान्यातल्या कामगाराची बायको. दारुड्या नवऱ्याचा मार खाण्यात तिचा जन्म गेला. नवरा मेला, पोरगा चळवळीत पडला आणि पोलिसांनी त्याला धरून नेले. तेव्हा ही बाई काय करते? कामगारांना जेवण विकण्याच्या निमित्ताने पत्रके लपवून कारखान्यात नेते. उतारवयात अक्षरे शिकते. शेवटी पोराचे कोर्टातले भाषण छापून घेते आणि रेल्वे स्टेशनवर वाटताना पकडली जाते.

हे पुस्तक जगभरच्या चळवळींत फिरले, तसे मुंबईच्या गिरणगावातही आले. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांना शाळा जवळजवळ मिळालीच नाही. पण गॉर्कीला त्यांनी आपला मानले आणि लोक त्यांना महाराष्ट्राचा गॉर्की म्हणू लागले. ज्याला गावकुसाबाहेर ठेवले तो कादंबरीचा नायक होऊ शकतो, हे त्यांनी १९५९ साली 'फकिरा' लिहून दाखवले. १९६१ साली ते रशियाही पाहून आले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या राजवटीने हे पुस्तक डोक्यावर घेतले, तिनेच १९२९ पासून शेतकऱ्यांवर सामुदायिक शेतीची सक्ती केली. त्यांच्या घरातले धान्य ओढून नेले. १९३२-३३ च्या दुष्काळात शेतकरी लाखोंनी मेले. ज्यांनी ज्वारीची लेव्ही भरली आहे, त्यांना सरकारी वसुली म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. १९९१ साली ती राजवट मोडली. झेंडा गेला, निलोव्हना मात्र राहिली, कारण ती सरकारची नव्हतीच.

आपल्या वऱ्हाडातही अशी एक माय पुस्तकात आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग'मधली (१९६०) कौतिक. बोली आपली, गाव आपले, हाल आपले. नवरा नाकर्ता, संसार तिच्या एकटीच्या अंगावर. ती कष्टते, झगडते आणि झगडता झगडता संपते. हिंमतीत ती निलोव्हनेपेक्षा तसूभर कमी नाही. मग फरक कुठे पडला? निलोव्हनेला सोबत मिळाली, हाती छापील कागद आला आणि बैठकीत तिला कोणी 'तू घरी जा' म्हटले नाही. कौतिक एकटीच राहिली.

आपल्या शिवारात अशा किती कौतिक आहेत, ते मोजायला शिरगणती लागत नाही. निंदण तिचे, वेचणी तिची, पण सातबारा धन्याचा. कर्जापायी धनी जीव देतो, तेव्हा सावकाराला तिचे दार बरोबर सापडते. बँकेच्या दारात मात्र तिला आधी आपले नाव सिद्ध करावे लागते.

शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला महिला अधिवेशन घेतले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. गावातल्या १०० घरांनी बायकोच्या नावे जमीन केली, की ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. काही गावांनी ते करून दाखवले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. हे पत्रक घरी नेऊन मोठ्याने वाचा, चुलीपर्यंत ऐकू जाईल असे. पुढच्या बैठकीला घरच्या बाईला सोबत आणा आणि पुढे बसवा. आणि हंगाम संपायच्या आत तलाठ्याकडे जाऊन तिच्या नावाचे काम सुरू करा. आपण धडधाकट आहोत तोवर हे केले, तर मागे राहणारी एकटी पडणार नाही.