फुकट अ‍ॅप आणि न विचारता ठेवलेला पोटभाडेकरू



बाजारात जी वस्तू फुकट मिळते, तिची किंमत कोणीतरी मोजलेलीच असते. मोबाइलवरील काही फुकट अ‍ॅप ही किंमत ग्राहकाच्या इंटरनेट-पत्त्यातून वसूल करतात. एखादी कंपनी अ‍ॅपच्या निर्मात्यास पैसे देऊन आपले सॉफ्टवेअर त्यात बसवून घेते. मग तिऱ्हाइताची रहदारी त्या फोनमधून वाहू लागते आणि ती एका सामान्य घरातून आल्यासारखी भासते. यालाच ‘रेसिडेन्शियल प्रॉक्सी’ म्हणतात. घरमालकास न विचारता ठेवलेला हा पोटभाडेकरू. भाडे मात्र तिसऱ्याच्याच खिशात जाते.

ही भीती काल्पनिक नाही. मार्च २०२४ मध्ये ‘ह्यूमन सिक्युरिटी’च्या संशोधकांनी गूगल प्लेवरील अशी २८ अ‍ॅप उघडकीस आणली, त्यांपैकी १७ फुकट व्हीपीएन म्हणवणारी होती. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने ‘९११ एस५’ हे संगणकांचे जाळे मोडल्याचे जाहीर केले. सुमारे १ कोटी ९० लाख इंटरनेट-पत्ते त्याच्याशी निगडित होते, आणि त्यांच्या आडून आर्थिक फसवणुकीचे गुन्हे झाले होते.

हा पोटभाडेकरू ओळखावा कसा? जमाखर्च तपासून. सामान्य माणूस इंटरनेटवरून पुष्कळ घेतो, थोडे पाठवतो. प्रॉक्सीचे काम मात्र हमालाचे: एका दाराने आलेला माल दुसऱ्या दाराने पोचवायचा. त्यामुळे आवक आणि जावक जवळजवळ सारखी होते. फोनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक अ‍ॅपचा बॅकग्राउंडमधील डेटा-वापर दिसतो. महिनाभर न उघडलेल्या वॉलपेपरच्या अ‍ॅपच्या नावे डेटा खर्ची पडत असेल, किंवा बॅटरी-बचतीतून सूट मिळावी असा त्याचा आग्रह असेल, तर संशयास जागा आहे. जाहिरातीही डेटा खातात. म्हणून एका खुणेवरून निवाडा करू नये. अ‍ॅप काढून टाकावे आणि आठवडाभर पुन्हा हिशेब पाहावा.

परंतु सारा भार ग्राहकाच्या दक्षतेवर टाकणे अन्यायाचे होईल. स्वस्त फोन आणि मोजका डेटा असलेल्या माणसालाच फुकट अ‍ॅपची गरज अधिक. आणि त्याच्या पत्त्यावरून गुन्हा घडला तर पहिली चौकशीही त्याचीच. इंग्रजी अटींच्या तळाशी दडवलेली संमती ही संमती नव्हे. आपला पत्ता भाड्याने दिला जात आहे, हे अ‍ॅप घेण्यापूर्वीच ग्राहकास त्याच्या भाषेत ठळकपणे सांगण्याचे बंधन निर्मात्यावर असले पाहिजे. ही मागणी लावून धरणे हे संघटित ग्राहकांचे काम आहे. एकट्यादुकट्याच्या सावधगिरीने ते होणारे नाही.