लोहाराच्या मुलाचें पत्र आणि कुलाब्याची सुई

(तळवली येथें गांवकरी मंडळींपुढें एका शाळामास्तरानें केलेलें भाषण)



आज मी तुम्हांस पत्रांविषयीं चार गोष्टी सांगणार आहें. पत्र म्हटलें कीं आपल्या घरांत पोटांत गोळा येतो. कोर्टाची नोटीस, सोसायटीचा तगादा, नाहींतर जमीन घेतल्याचा कागद, ह्यांवांचून आपल्या दारीं कागद आला कधीं? लिहिणारा दुसरा, वाचणारा दुसरा, अंगठा मात्र आपला, असें आपल्या वाडवडिलांचें गेलें. त्यामुळें कागदावर आपणही कोणास कांहीं विचारावें, हें आपल्या मनांतच येत नाहीं. पण विलायतेंत व्हिक्टोरिया राणीच्या काळीं व त्याच्या थोडें आधीं ज्यांनीं विजेचें आणि लोहचुंबकाचें शास्त्र उभें केलें, त्यांचें निम्में काम पत्रांतून झालें. आणि त्यांतले दोघे तर आपल्यासारख्याच घरचे होते.

पहिला मायकेल फॅरडे. जन्म १७९१, बाप लोहार. घरीं दारिद्र्य, शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षीं तो बुकबाइंडराकडे उमेदवारीस राहिला आणि बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचूं लागला. १८१२ सालीं त्याला डेव्ही नांवाच्या मोठ्या रसायनशास्त्र्याचीं व्याख्यानें ऐकावयास मिळालीं. तीं त्यानें उतरून काढलीं, स्वतःच्या हातानें त्यांचें पुस्तक बांधलें आणि पत्रासह डेव्हीकडे पाठविलें. त्याच्या आधीं त्यानें तिकडच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षास नोकरीसाठीं एक पत्र दिलें होतें, त्याला उत्तर मिळालें नाहीं. डेव्हीनें मात्र उत्तर दिलें, बोलावून घेतलें आणि १८१३ सालीं प्रयोगशाळेंत मदतनीस म्हणून ठेविलें. पुढें १८३१ सालीं ह्याच मदतनिसानें लोहचुंबक हलवून तारेंत वीज उत्पन्न केली. आज तुमच्या घरांत जो दिवा लागतो, त्याची वीज बहुतेक त्याच रीतीनें निघते.

मीही तरुणपणीं एका कचेरीस भरती-ओहोटीच्या कोष्टकाविषयीं पत्र लिहिलें होतें. उत्तर अद्याप यावयाचें आहे! असो.

दुसरा विल्यम ह्यूएल. हा सुताराचा मुलगा. केंब्रिजला शिकून तेथील मोठा पंडित झाला. १८३४ सालीं फॅरडेला आपल्या नव्या शोधांसाठीं शब्द हवे होते. त्याला ग्रीक भाषा येत नव्हती, आणि तें सांगावयास त्याला लाजही वाटली नाहीं. त्यानें ह्यूएलला पत्र टाकलें. पत्रें गेलीं, पत्रें आलीं, आणि त्यांतून ॲनोड, कॅथोड हे शब्द ठरले. ते आज जगभर मुलें घोकतात. ‘सायंटिस्ट’ हा शब्दही ह्याच सुताराच्या मुलानें घडविला. लोहाराच्या मुलानें विचारलें, सुताराच्या मुलानें सांगितलें. मध्यें ना मुहूर्त लागला ना दक्षिणा.

ह्याच ह्यूएलची दुसरी गोष्ट आपल्या खाडीची आहे असें म्हटलें तरी चालेल. समुद्राची भरती एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर कशी सरकत जाते, हें त्याला पाहावयाचें होतें. पण एका माणसाला सगळे किनारे कसे दिसणार? त्यानें पत्रें लिहिलीं, सरकारकडून लिहविलीं. १८३५ च्या जून महिन्यांत नऊ देशांच्या किनाऱ्यांवर सहाशेंहून अधिक ठिकाणीं एकाच वेळीं पाणी मोजलें गेलें. मोजणारे पंडित नव्हते. विलायतेच्या किनाऱ्यावर तर गस्त घालणारे शिपाई पाण्याची उंची पाहत होते आणि वहींत आंकडा लिहीत होते.

पुढल्याच वर्षीं, १८३६ च्या एप्रिलांत, हुंबोल्ट नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें रॉयल सोसायटीच्या अध्यक्षास एक पत्र लिहिलें. होकायंत्राची सुई उत्तर दाखविते, पण ती अगदीं स्थिर नसते. दिवसांत थोडी हालते, आणि कधीं कधीं तर एकाएकीं वेड्यासारखी डोलूं लागते. हें सगळ्या पृथ्वीवर एकदम होतें कीं काय, हें समजण्यासाठीं इंग्रजांनीं आपल्या मुलखांत ठिकठिकाणीं वेधशाळा कराव्या, असें त्याचें मागणें. त्यावर हर्शेल, सेबाइन, लॉइड ह्यांच्यांत पत्रापत्री झाली, सरकार वळलें, ईस्ट इंडिया कंपनीही वळली. आणि त्या पत्राचा एक धागा येऊन पोंचला आपल्या मुंबईच्या कुलाब्यास.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून होती; जहाजांना घड्याळाची वेळ लावून देणें हें तिचें काम. १८४१ पासून तेथें सुईची नोंद सुरू झाली. नोंद म्हणजे काय, तें ऐका. बारीक रेशमी दोऱ्यावर लोहचुंबकाची कांब टांगलेली, तिला आरसा, आणि दूर बसून दुर्बिणींतून त्या आरशांत दिसणारी पट्टी वाचावयाची. तासातासाला आंकडा लिहावयाचा, दिवसा आणि रात्रीं. जवळ लोखंड आणावयाचें नाहीं. वेळही मुंबईची नव्हे, जर्मनीतील गॉटिंगेन गांवाची धरावयाची, कीं सर्व देशांतले आंकडे एका क्षणाचे जुळावेत. केरो लक्ष्मण छत्रे ऐन तरुणपणीं ह्याच वेधशाळेंत कामास होते. जन्मानें ब्राह्मण, पण पंचांगावर पोट न भरतां दुर्बिणीस डोळा लावणारे. त्यांचें श्रेय कोणीं नाकारूं नये.

१ सप्टेंबर १८५९ रोजीं विलायतेंत कॅरिंग्टन नांवाचा गृहस्थ सूर्यावरील डाग काढीत बसला होता. एकाएकीं त्याला सूर्यावर झगझगीत उजेड दिसला आणि कांहीं मिनिटांत मावळला. दुसऱ्या दिवशीं पृथ्वीवरच्या सगळ्या सुया बेफाम झाल्या. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, कांहीं तारमास्तरांस धक्के बसले. कुलाब्याच्या खोलींत बसलेल्या माणसांनीं काय केलें? शांति करविली नाहीं. ठरलेल्या तासाची वाट न पाहतां थोड्याथोड्या मिनिटांनीं पट्टी वाचून आंकडे लिहून ठेविले. तिकडे बऱ्याच ठिकाणीं सुई मापाच्या बाहेर गेली आणि नोंद तुटली. कुलाब्याची राहिली.

पुढें मुंबईंत विजेची ट्राम येणार असें ठरलें. तिच्या विजेनें सुई बिघडली असती, म्हणून डॉक्टर मूस ह्या पारशी संचालकांनीं १९०४ सालीं चुंबकाचें काम अलिबागेस हलविलें. दोन वर्षें दोन्हीकडे नोंदी ठेविल्या, कीं जुना धागा नव्यास बरोबर सांधला जावा. काम करावें तर असें.

आतां पाहा. २००३ सालीं अमेरिका, ब्राझील व भारत येथल्या शास्त्रज्ञांनीं १८५९ च्या त्या वादळाचें माप काढलें, तें कुलाब्याच्याच आंकड्यांवरून. पृथ्वीच्या चुंबकाचा तेथला जोर थोड्या वेळांत शेंकडा चारांच्या आसपास घसरला होता. असें वादळ पुन्हां आलें तर विजेच्या तारा, आकाशांतले उपग्रह, ह्यांचें काय होईल, हें ठरवितांना जगांतले लोक तो आंकडा पुढें ठेवितात. त्या कामांत जे भारतीय होते, ते भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे. ही संस्था कोठें आहे? आपल्या नव्या पनवेलला. येथून गाडीनें जाऊन संध्याकाळीं परत येतां येईल इतक्या अंतरावर.

हुंबोल्टचें नांव पुस्तकांत आहे, कॅरिंग्टनचें आहे. त्या वेळीं डोळे ताणून पट्टी वाचणारांचीं नांवें मात्र आपल्या शाळेच्या पुस्तकांत नाहींत. मला ह्याचा राग येतो, आणि तो मी लपवीत नाहीं. पण राग धरून वही मिळत नाहीं. वही आपणच घालावी लागते.

ह्या गांवांत अशीं म्हातारीं माणसें आहेत कीं ज्यांना अमावास्या-पुनवेस बाराच्या सुमारास भरती, पुढें दर तिथीस पाऊण पाऊण तास उशीर, उधाण केव्हां आणि भांग केव्हां, हें घड्याळाविना सांगतां येतें. नवी मुंबई उठली, शेतें गेलीं, मिठागरें गेलीं. खाडीचें पाणी कोठें चढत होतें आणि आतां कोठें चढतें, हें ह्याच माणसांना ठाऊक. तें कोठल्याही कचेरींत लिहिलेलें मला सांपडलें नाहीं.

म्हणून शाळेंत एक कोरी वही ठेविली आहे. तारीख, तिथि, वेळ, पाणी कोणत्या खुणेपर्यंत आलें, आणि सांगणाराचें नांव, एवढे पांच रकाने. ज्याला लिहितां येत नाहीं त्यानें सांगावें, नातवानें लिहावें. नांवाचा रकाना कोरा सोडूं नये. तीन महिन्यांनीं तिची नक्कल करून, एक पत्र जोडून, मी पनवेलला स्वतः घेऊन जाणार आहें. भरतीचें काम त्यांचें नसेल, तर कोणाचें तें तेच सांगतील. पत्राखालीं सही माझ्या एकट्याची नसावी. उद्यां पुनव आहे. दुपारीं बारास मी बंधाऱ्यावर उभा राहीन, काठी घेऊन. ज्यांना यावयाचें त्यांनीं यावें.