रुपया तोच, भाकरी लहान

(बेळगाव येथे कामगार दिनाच्या सभेत आमच्या संपादकांनी केलेले भाषण)



१ मे हा दिवस सीमाभागाला दोन कारणांनी बोचतो. १९६० साली ह्याच दिवशी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि बेळगाव, खानापूर, निपाणी त्याच्या बाहेर राहिली. हाच दिवस जगभरच्या कामगारांचाही आहे. ह्या व्यासपीठावरून आम्ही आजवर पहिल्या जखमेविषयीच बोलत आलो. आज दुसरीविषयी बोलणार आहोत. कारण वडगाव-खासबागच्या विणकराला, उद्यमबागेतील ओतकामगाराला आणि निपाणीच्या विडी वळणाऱ्या भगिनीला ती रोज संध्याकाळी वाण्याच्या दुकानात ठसठसते.

देशावर आर्थिक संकट आले की कामगाराला एकच उपदेश केला जातो : धीर धरा. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. पावणेपाच रुपयांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. अवर्षणाने धान्य महाग झालेलेच होते. तेव्हा धीर धरा म्हणून सांगितले. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, रोखीवर चालणारे माग थंडावले. तेव्हाही धीर धरा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली; पुन्हा तेच. संकटे ओसरली, ह्याबद्दल वाद नाही. परंतु त्या दिवसांची बुडालेली मजुरी मागाहून कोणाच्या हाती पडली, हे कोणी सांगेल काय?

मजुरी दोन प्रकारची असते. एक हातात पडते, दुसरी ताटात पडते. हातातली मजुरी तशीच राहिली आणि बाजार चढला, तर मालकाने एक पैसाही न कापता मजुरी कापली जाते. हिशेब साधा आहे. भाव दर साल सहा टक्क्यांनी वाढले, तर पाच वर्षांत ते एकतृतीयांशाने चढतात. म्हणजे शंभर रुपयांच्या मजुरीत पूर्वीच्या पंचाहत्तर रुपयांइतकाच माल येतो. हे सहा टक्के आम्ही उगाच धरलेले नाहीत. रिझर्व्ह बँकेला घालून दिलेली महागाईची कमाल मर्यादाच ती आहे. २०२२ साली लागोपाठ तीन तिमाह्या ती ओलांडली गेली, आणि बँकेला त्याची कारणे लेखी स्वरूपात सरकारला कळवावी लागली. बँकेने सरकारला पत्र लिहिले. विणकराला कोणी लिहिले?

माणसाला जगण्यास किती लागते, हे ह्या देशाला ठाऊक नाही असे नव्हे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजांवर आधारलेल्या किमान वेतनाचे माप घालून दिले. मिळवत्या माणसामागे तीन घटकांचे अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला बहात्तर वार कापड, घरभाडे, आणि जळण-दिवाबत्ती इत्यादींसाठी वीस टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण ह्यांसाठी पंचवीस टक्क्यांची भर घातली. बहात्तर वार म्हणजे आठ नऊवारी लुगडी! ज्या शहापूरने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या घरी लुगडी पाठविली, तेथल्या विणकराच्या घरात वर्षाकाठी एवढे कापड येते काय, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

किमान मजुरीचे दर पाच वर्षांच्या आत पुन्हा तपासावेत, असे १९४८ च्या कायद्याने सांगितले होते; २०१९ च्या वेतनसंहितेनेही तीच मुदत ठेवली. परंतु पाच वर्षांत काय होते, तो हिशेब आम्ही आताच मांडला. नोकरदाराला महागाई भत्त्याची छत्री असते. नगावर काम करणारा बहुतेकदा उघड्यावरच भिजतो.

आता एक कडू गोष्ट. विलीनीकरण झाले म्हणजे मजुरी आपोआप वाढेल, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. इचलकरंजी महाराष्ट्रातच आहे; तेथील यंत्रमाग कामगारालाही मजुरीसाठी संप करावे लागले. आमच्या सभांना उदार हस्ते वर्गणी देणारे कारखानदार मराठीच आहेत. त्यांना आमचे नम्र परंतु स्पष्ट सांगणे आहे : चळवळीला दिलेली वर्गणी कामगाराच्या मजुरीतून वळती होत नाही. मालक मराठी म्हणून कामगाराची भूक कमी होत नाही. आणि शेजारच्या मागावरचा कानडी विणकर परका ठरत नाही, कारण त्याचीही भाकरी तेवढीच लहान झाली आहे. हा नियम वृत्तपत्रांच्या छापखान्यांनाही लागू आहे. त्यात आमचाही छापखाना आला.

मग भाषेचा प्रश्न गौण काय? मुळीच नाही. दरपत्रक ज्याला वाचता येत नाही, त्याला आपला हक्क किती, हे मुकादम सांगेल तेवढेच कळते. भाषा गेली की हिशेब दुसऱ्याच्या हाती जातो. म्हणूनच राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाणे राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क निव्वळ भाषणांत मिरविण्यासाठी नाही.

तेव्हा आज तीन कामे अंगावर घेऊन उठू या. प्रत्येक घरात एक वही ठेवा. तीत मिळालेली मजुरी आणि ज्वारी, तांदूळ, तेल ह्यांचे भाव महिन्याच्या महिन्याला लिहा. वर्षाअखेर त्या वह्या एकत्र करून श्रमखात्याकडे मराठीत अर्ज करू. सोबत कानडी बांधवांचे कानडीत असू देत. आणि मराठी कारखानदारांनी पाच वर्षांची वाट न पाहता दर साल भावाप्रमाणे मजुरी वाढवावी. आमच्या छापखान्याची वही सर्वांत आधी उघडी राहील.

सीमेसाठी ज्यांनी रक्त सांडले, ते नकाशावरील एका रेषेसाठी नव्हे, तर रेषेच्या आत माणसे मानाने जगावीत म्हणून. उपाशी माणसाला मान कसला? भाकरीचा लढा हा त्याच लढ्याचा अर्धा भाग आहे, आणि तो आजवर आमच्याकडून राहून गेला.

जय महाराष्ट्र!