घरभाडे भत्ता आणि मुनिरक्यातील खोली

(मुनिरका, दिल्ली येथील सभेतील भाषण)



आज आपण मुनिरक्यात जमलो आहोत, तेव्हा घराविषयीच बोलू. महाराष्ट्रातून नोकरीसाठी दिल्लीत येणारा आपला माणूस आधी खोली शोधतो आणि फिरत फिरत अशाच गल्लीत पोहोचतो.

मुनिरका हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. जमीन सरकारने संपादित केली. आजूबाजूला वसाहती आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठ उभे राहिले. गावकऱ्यांकडे उरली ती लाल डोऱ्यातील, म्हणजे आपल्या भाषेत गावठाणातील, राहती जागा. तिथे मजल्यावर मजले चढले. आता भाडे हेच त्यांचे पीक आहे. म्हणून केवळ घरमालकाला दोष देऊन आपला प्रश्न सुटणार नाही.

मग जाब कोणाला विचारायचा? हिशेब पाहा. सातव्या वेतन आयोगानंतर 1 जुलै 2017 पासून घरभाडे भत्त्याचे दर 30, 20 व 10 टक्क्यांवरून 24, 16 व 8 टक्के झाले. कामगारांत असंतोष होता. सरकारने किमान रक्कम ठरवली : मोठ्या शहरांत 5,400, मधल्या शहरांत 3,600 आणि लहान गावांत 1,800 रुपये. जानेवारी 2024 मध्ये महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेला आणि दर पुन्हा 30 टक्के झाला. पण 18,000 रुपये मूळ पगाराचे 30 टक्के किती? तेच 5,400! म्हणजे 2017 साली लागलेला ट्रॅक मेंटेनर किंवा टपाल खात्यातील एम.टी.एस. आणि 2024 साली लागलेला त्याचा धाकटा भाऊ, दोघांचा सुरुवातीचा भत्ता एकच. भाडे मात्र थांबले नाही.

शहराचा वर्ग ठरतो तो लोकसंख्येवर, भाड्यावर नव्हे. दिल्ली, मुंबई, पुणे एका मापात, नाशिक-नागपूर दुसऱ्या, भुसावळ तिसऱ्या. मुंबईत जुन्या चाळीतल्या भाडेकरूला भाडे नियंत्रण कायद्याने आधार दिला. नवा कामगार मात्र टिटवाळा-आसनगावपर्यंत फेकला गेला. दिल्लीत 1958 चा भाडे कायदा आहे, पण 1988 च्या दुरुस्तीपासून महिना 3,500 रुपयांवरील भाड्याला तो लागूच नाही. म्हणजे सरकारने दिलेला 5,400 रुपयांचा भत्ता पूर्ण भाड्यात घातला, तरी त्या खोलीला या कायद्याचे संरक्षण नाही. मालकाने उद्या भाडे वाढवले, तर बिऱ्हाड उचलायचे.

म्हणून आमच्या मागण्या तीन. किमान घरभाडे भत्ता प्रत्यक्ष भाडे पाहून ठरवा. पडीक क्वार्टर्स दुरुस्त करा, नवी बांधा. 3,500 ची मर्यादा बदला.

बंधूंनो, शाखेत परत गेल्यावर एक काम करा. प्रत्येक सभासदाचा भत्ता आणि प्रत्यक्ष भाडे शेजारी-शेजारी लिहून युनियनकडे पाठवा. वाटाघाटीच्या टेबलावर घोषणेपेक्षा असा कागद अधिक बोलतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!