कॅसिनोतल्या एका तासाची किंमत

गोव्याला निघालेली माणसं मला हटकून विचारतात, "ताई, कॅसिनोत जिंकायचं कसं?" पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर मी बरीच वर्षं डीलरचं काम केलं, पुढे टेबलांवर देखरेख केली, आणि आता नव्या मुलामुलींना हे काम शिकवते. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि आपल्याकडे आहे असं जो सांगतो त्याच्यापासून लांब राहा. त्याऐवजी मला असं विचारा, की तिथे तासभर बसायला किती पैसे पडतील? याचं उत्तर कागदावर मांडता येतं. ते मांडून मगच होडीत पाय ठेवावा, एवढ्यासाठी मी आज तुमच्याशी बोलते आहे.

आधी कायद्याचं थोडं सांगते. गोव्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत पैसे लावून खेळायची मशीनं ठेवायला आणि १९९६ साली जहाजांवर पत्त्यांची, चक्राची टेबलं मांडायला परवानगी मिळाली. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. आपल्याकडे १९७६ साली त्यांना परवानगी देणारा कायदा झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. गोव्यात एकवीस वर्षांखालच्या कुणालाही कॅसिनोत प्रवेश नाही. खुद्द गोव्यातल्या रहिवाशांनाही १ फेब्रुवारी २०२० पासून खेळायला आत जाता येत नाही. म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा. पुरुषांनी हाफ पँट आणि चप्पल टाळावी. बऱ्याच ठिकाणी दारातूनच परत पाठवतात.

जेटीवर तिकीट काढताना तुम्हाला पॅकेज मिळतं. त्यात जेवण असतं, पेयं असतात आणि बहुतेक वेळा काही चिप्स, म्हणजे टेबलावर पैशांऐवजी लावायच्या चकत्याही असतात. या चिप्स नीट पाहा. त्या एकदाच लावता येतात, काउंटरवर देऊन त्यांचे पैसे मिळत नाहीत. 'दोन हजारांचं तिकीट, त्यात हजाराच्या चिप्स परत' असा हिशेब करून माणसं खूश होतात. त्या हजाराला तुम्ही हजार रुपये समजू नका.

आणि करांचं ऐका, कारण आताच्या घडीला सगळ्यात मोठा खर्च हाच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर चाळीस टक्के जीएसटी आहे, आणि तो चिप्स विकत घेतानाच्या पूर्ण रकमेवर लागतो. दहा हजारांच्या चिप्सवर चार हजार कर. तुम्ही न खेळता चिप्स परत केल्या तरी त्यावर भरलेला कर कमी होत नाही. हा कर तुमच्याकडून कसा घेतला जातो, हातात नक्की किती चिप्स येतात, हे पैसे देण्याआधी काउंटरवर स्पष्ट विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आणि चिप्स लागतील तशा थोड्या थोड्या घ्या. रुबाब दाखवायला सुरुवातीलाच मोठी थप्पी घेणारे मी खूप पाहिले. पहिला डाव मांडण्याआधीच त्यांचे सगळ्यात जास्त पैसे गेलेले असतात. जिंकलात तर त्या रकमेवर तीस टक्के आयकर आणि वर उपकर असतो, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही.

आता टेबलापाशी या. रूलेटच्या चक्रावर एक ते छत्तीस आकडे आणि एक शून्य, असे सदतीस कप्पे असतात. एका आकड्यावर शंभर रुपये लावले आणि तो आला, तर पस्तीसशे मिळतात आणि तुमचे शंभर परत. कप्पे सदतीस असताना हिशेब छत्तीसचाच झाला. हा जो एक कप्पा मध्ये राहिला, त्यातच कॅसिनोचं उत्पन्न आहे. लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे. लाल-काळ्यावर लावा, सम-विषमवर लावा, आकड्यावर लावा, प्रमाण तेच. काही देशांत चक्रावर दोन शून्यं असतात, तिथे हेच प्रमाण सव्वापाच रुपयांच्या वर जातं. अमेरिकेत मुलाकडे राहायला गेलेल्या मंडळींनी टेबलाला बसण्याआधी चक्रावरची शून्यं मोजावीत.

आता तासाचा हिशेब. भरलेल्या टेबलावर तासाला साधारण चाळीस वेळा चेंडू सुटतो. तुम्ही दर वेळी पाचशे लावले तर वीस हजार रुपये टेबलावरून फिरले. त्याचे दोन रुपये सत्तर पैशांप्रमाणे पाचशे चाळीस. कर सोडून ही तुमच्या तासाची किंमत. एखाद्या रात्री तुम्ही पाच हजार जिंकून उठाल, एखाद्या रात्री आठ हजार हराल, पण खेळत राहिलात तर सरासरी इकडेच येते. आता हेच टेबल रिकामं आहे, तुम्ही एकटेच बसलात, डीलर चपळ आहे. तासाला ऐंशी फेऱ्या होतात आणि किंमत दुप्पट. रिक्षाचा मीटर अंतरावर फिरतो, इथला फेऱ्यांवर फिरतो. म्हणून नवख्या माणसाला मी नेहमी गर्दीच्या टेबलावर बसवते. डीलरला चिप्स गोळा करायला, वाटायला वेळ लागतो, माणसं बोलतात, हसतात, आणि तुमचे पैसे सावकाश जातात. मजाही तिथेच जास्त येते.

याच हिशेबाने मशीनं बघा. बटण दाबत राहिलं तर तासाला पाचशे फेऱ्या सहज होतात. फेरीला पन्नास रुपये म्हणजे पंचवीस हजारांची उलाढाल. शंभरात पाच रुपये मशीनकडे राहिले असं धरलं, तरी साडेबाराशे. पन्नास रुपयांचं मशीन पाचशेच्या टेबलापेक्षा महाग पडतं, हे ऐकून लोकांना खरं वाटत नाही. आणि बराच वेळ काही दिलं नाही म्हणून मशीन आता देणारच, असं कधी होत नाही. प्रत्येक फेरी नव्याने ठरते.

चक्रालाही आठवण नसते. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत एका टेबलावर ओळीने सव्वीस वेळा काळा आला. पंधरा-सोळा वेळा काळा आल्यावर आता लाल येणारच म्हणून लोक लालवर पैसे ओतत गेले आणि बुडाले. आज टेबलाशेजारी मागच्या आकड्यांचा चमकता फलक असतो. त्यावर लिहिलेलं सगळं खरं असतं, आणि पुढच्या आकड्यासाठी त्याचा काडीइतका उपयोग नसतो.

हरलं की दुप्पट लावायचं, ही युक्ती तर दर आठवड्याला कुणीतरी मला नव्याने समजावतो. पाचशेपासून सुरू करा: पाचशे, हजार, दोन हजार, चार, आठ, सोळा. सहा वेळा ओळीने हरलात की साडेएकतीस हजार गेले, आणि आता बत्तीस हजार लावायचे ते कशासाठी, तर शेवटी पाचशे सुटावेत म्हणून. तोवर टेबलाची कमाल मर्यादा आड येते. सहा वेळा ओळीने हरणं साधारण पंचावन्नात एकदा घडतं. ऐकायला दुर्मीळ वाटतं, पण रात्रभर हाच डाव मांडणाऱ्याच्या वाट्याला ते येण्याचीच शक्यता जास्त. या युक्तीपायी संसारी, हिशेबी माणसं पांढरी पडलेली मी समोर उभी राहून पाहिली आहेत, आणि डीलरने त्या वेळी काही बोलायचं नसतं. म्हणून आज बोलते आहे.

कोकणात, घाटावर, गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळलेला माणूस कॅसिनोत आला की त्याला वाटतं, हा तर आपलाच खेळ. इथे तो खेळ वेगळा असतो. घरी तुम्ही एकमेकांशी खेळता, समोरच्याचा चेहरा वाचता, ब्लाइंड चाल करून त्याला पॅक करायला लावता, आणि पैसे घरातल्या घरात फिरतात. कॅसिनोत प्रत्येक जण डीलरशी खेळतो. डीलर घाबरत नाही, फसत नाही. त्याने काय करायचं ते नियमाने बांधलेलं असतं. तुमची सगळी चतुराई तिथे निकामी होते.

अंदर-बाहरमध्ये ज्या बाजूला पहिलं पान पडतं, त्या बाजूची शक्यता शंभरात साडेएक्कावन्न असते. म्हणूनच त्या बाजूला बहुतेक ठिकाणी पैसे थोडे कमी मिळतात. बॅकरॅटमध्ये बँकर किंवा प्लेअर यांवर लावलं तर कॅसिनोचा वाटा सव्वा टक्क्याच्या आत राहतो, पण 'टाय'वर, म्हणजे बरोबरीवर लावलं तर चौदा टक्क्यांच्या पुढे जातो. टायला एकास आठ मिळतात म्हणून हात तिकडे वळतो. वळू देऊ नका.

ब्लॅकजॅकमध्ये मात्र खेळणाऱ्याच्या निर्णयाला खरोखर किंमत आहे. कोणत्या पानांवर थांबायचं, कोणत्या पानांवर पान मागायचं, याचा एक ठरलेला तक्ता आहे. तो पाठ करून आलात तर कॅसिनोचा वाटा अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली येतो. मात्र बसण्याआधी टेबलावर छापलेलं वाचा. ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पानांतच एकवीस, लागल्यावर दोनास तीन देतात की पाचास सहा? हजारावर पहिल्या टेबलाला दीड हजार मिळतात, दुसऱ्याला बाराशे. दुसरं असेल तर उठा. डीलरकडे एक्का आला की इन्शुरन्स, म्हणजे त्याला ब्लॅकजॅक लागेल अशी वेगळी पैज, घेता का असं विचारलं जातं, तेव्हा नाही म्हणा.

याच टेबलावर भांडणं होतात. शेवटच्या खुर्चीतल्या माणसाने पान मागितलं, पुढचं पान डीलरला चांगलं गेलं, की बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात, "तुझ्यामुळे हरलो." एखादी नवखी बाई बसलेली असेल तर तिला रडू येईपर्यंत बोलतात. त्याच्या पान मागण्याने तुमचं नुकसान होण्याची जेवढी शक्यता, तेवढीच फायद्याची. फायदा झाला तेव्हा कुणी त्याचे आभार मानत नाही. दुसऱ्याला न विचारता सल्ला देऊ नये आणि त्याच्या खेळावर रागावू नये, एवढा एक शिष्टाचार पाळलात तरी माझ्या लेखी तुम्ही जाणकार.

बाकीचे नियम कॅमेऱ्यामुळे आले आहेत. टेबलाच्या वर कॅमेरा असतो आणि वाद झाला की तोच साक्षीदार. म्हणून नोटा डीलरच्या हातात देऊ नका, टेबलावर ठेवा. तो त्या कॅमेऱ्याला दिसतील अशा पसरून मोजतो. ब्लॅकजॅकमध्ये पान हवं तर बोटाने टेबलावर टकटक करा, नको तर तळहात आडवा हलवा. तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही. पानं उघडी वाटली असतील तर त्यांना हात लावू नका. रूलेटवर 'नो मोअर बेट्स' म्हटलं की हात मागे. आकडा आल्यावर डीलर त्यावर एक छोटी खूण ठेवतो. ती उचलेपर्यंत टेबलावरच्या कोणत्याही चिपला हात लावायचा नाही, जिंकलेल्या स्वतःच्या चिपलासुद्धा नाही. रूलेटवर प्रत्येकाला वेगळ्या रंगाच्या चिप्स मिळतात आणि त्या त्याच टेबलावर चालतात. उठताना डीलरकडून त्या बदलून घ्या. खिशात घालून गेलात तर दुसऱ्या टेबलावर त्यांना मोल नाही. फोन टेबलावर ठेवू नका, फोटो काढू नका.

आणि डीलरशी माणुसकीने वागा. पान त्या मुलीने निवडलेलं नसतं, चेंडू तिच्या इच्छेने पडत नाही. "हिचा हात खराब आहे, दुसरी पाठवा," असं तिच्या तोंडावर म्हणणारे रोज भेटतात. ती बावीस-तेवीस वर्षांची असते, पेडण्याहून, सावंतवाडीहून, मणिपूरहून आलेली असते, रात्रभर उभी असते आणि तिला उलट उत्तर देता येत नाही. बक्षिसी द्यायची असेल तर द्या, पण तिने पान चांगलं दिलं म्हणून नको, तिने काम नीट केलं म्हणून द्या. कुणी सांगितलेलं काही पटलं नाही तर आवाज न चढवता पिट बॉसला, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्याला बोलवा. तो कॅमेऱ्यात बघून निवाडा करतो.

पैशांचं नियोजन घरून करून निघा. जी रक्कम गेली तर घरात कुणाला सांगायला संकोच वाटणार नाही, तेवढीच रोख घ्या. एटीएम कार्ड बरोबरच्या अशा माणसाकडे द्या, जो मागितल्यावर देणार नाही. सोबत्याकडून उसने घेऊ नका, त्यालाही देऊ नका. दारू पॅकेजमध्येच असते, म्हणून ती अधिक घेतली जाते. पहिल्या ग्लासानंतर डाव वाढतात, हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बघत आले. आत खिडकी, घड्याळ फारसं दिसत नाही, तेव्हा मोबाइलवर गजर लावा आणि वाजला की चाललेली फेरी संपवून उठा. हरत असाल तर उठणं अवघड जातं, जिंकत असाल तर त्याहून अवघड.

मोबाइलवर पैसे लावून खेळायची बरीच ॲप्स होती. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या केंद्राच्या कायद्याने असे ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी घातली आहे. तरीही एखादं चालू दिसलं तर ते बेकायदा समजा. तिथे तुमचे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही.

आणि ज्यांच्या घरी हे आधीच पोहोचलं आहे, त्यांच्यासाठी. घरातला माणूस हरलेले पैसे भरून काढायला पुन्हा खेळत असेल, खेळल्याचं लपवत असेल, दागिने किंवा मुलांच्या फीचे पैसे निघाले असतील, तर त्याला व्यसनी म्हणून घराबाहेर काढू नका आणि त्याचं कर्ज गुपचूप फेडूही नका. जुगाराचं व्यसन हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार आहे आणि त्यावर उपचार होतात. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा नंबर आहे १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, चोवीस तास तो लागतो, आणि मराठीतून बोलता येतं. पुन्हा सांगते, लिहून घ्या: एक, चार, चार, एक, सहा.