शिकलेलं विसरणारं बाळ

आमच्या गटातल्या एका ताईचं चालतं बाळ सारखं पडू लागलं, मग चालणंच सुटलं. घरचे म्हणाले, नजर लागली. वर्ष गेलं. शेवटी शहरात निदान झालं, ‘एमएलडी’. यात शरीरात एक एन्झाइम कमी पडतं आणि मेंदू-नसांचं आवरण खराब होतं. एमआरआय, रक्तातल्या एन्झाइमची आणि जनुकाची तपासणी केली की हा आजार कळतो.

मूल उशिरा शिकणं वेगळं, शिकलेलं विसरणं वेगळं. विसरत असेल तर थांबू नका. आशाताईंना सांगा, जिल्हा रुग्णालयात न्या.

हा दोष आई-बाप दोघांकडून येतो, एकट्या सुनेला बोल लावू नका. पुढच्या प्रत्येक खेपेला चारात एक धोका असतो. म्हणून दिवस जाण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्या. गर्भाचीही तपासणी होते.